ऐब आणि ओळख

घर विकायला काढलं की एजंट आधी कामांची यादी देतो. सोमाटण्यातलं अब्बांचं घर विकायचं ठरलं, तेव्हा आम्हालाही मिळाली. अडगळ काढा, गळके नळ बदला, बिजागऱ्यांना तेल द्या, घरपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या एका फाईलला लावा. इथवर सगळं रास्तच होतं. शेवटच्या दोन गोष्टी त्यानं आवाज उतरवून सांगितल्या. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, तिथं पुट्टी भरून रंग मारून घ्या. आणि दारावरची ७८६ची फरशी अन् आतली आयतुल कुर्सीची फ्रेम तेवढी काढून ठेवा, गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत.

माणूस वाईट नव्हता. त्याला बाजार माहीत होता. भाईजाननाही दोन्ही गोष्टी पटल्या. एकदाचा व्यवहार उरकावा, असं त्यांना वाटत होतं, आणि ते स्वाभाविकही होतं.

पण सही माझीही लागणार होती. शरीयतीच्या वाटणीप्रमाणे अम्मींचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात भावाचे दोन तर बहिणीचा एक वाटा. चोवीस भाग केले तर अम्मींचे तीन, भाईजानचे चौदा, माझे सात. भाईजानचा वाटा म्हणजे बरोब्बर सात बारांश. वारसांचा हिशेब करता करता सातबारा असा अपूर्णांकातही भेटतो. मुद्दा एवढाच की खरेदीखतावर माझं नाव येणार होतं, आणि नावाखाली काय लपवलं जातंय याची जबाबदारीही.

आधी ओलीचं बोलू. मावळात भिंती चार महिने पाणी पितात. जुन्या घरांच्या जोत्यावर ओल अडवणारा थर बहुतेक नसतो, म्हणून जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं. पाणी सुकतं, पण सोबत आलेले क्षार मागे राहतात. तोच तो पांढरा लोणा. त्यावर पुट्टी भरली की भिंत उन्हाळाभर गुळगुळीत दिसते आणि पहिल्या मोठ्या पावसात पोपडे धरते. म्हणून तर घरं एप्रिल-मेमध्ये दाखवायची चाल आहे. माझ्या मते मावळातलं घर बघायचं तर आषाढात बघावं.

कायद्यालाही ही चलाखी मान्य नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ सांगतं, की मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. ओल उघडी असेल तर ती घेणाऱ्याला दिसते. रंग मारून ती दिसेनाशी करणारे आपणच असतो.

आणि आमच्या घरात तर ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पावसानं भिजलं. ते विचारतात, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं! फसवणारा आमच्यातला नाही, असंही ते बजावतात. सहीह मुस्लिममधली ही हदीस मी भाईजानना पुन्हा सांगितली नाही. फक्त एवढंच म्हटलं, ‘ढीग तोच आहे, भाईजान. ओल पण तीच.’ ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘पुट्टीवाल्याला नको सांगते मग.’

राहिली फरशी आणि फ्रेम. ऐब हा शब्द उर्दूत आहे तसा मराठीतही आहे. ओल हा ऐब आहे, तो दाखवायचा. दारावरचं ७८६ हा ऐब नाही, मग तो झाकायचा कशासाठी? एजंटनं दोन्ही एकाच दमात सांगितलं, तेच मला सलत होतं. जणू दोन्ही भिंतीचेच दोष!

शाळेत मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून आणखी एक गंमत सुचली. भिंतीवरचा अरबी मजकूर उतरवता येईल, पण खरेदीखतातला कसा उतरवणार? हक्क, हद्द, वारस, कब्जा, रक्कम, तारीख, हरकत. सगळे शब्द अरबीतून आलेले आणि आता पुरते मराठी झालेले. ते काढले तर घर कुणाच्याच नावावर होणार नाही.

फ्रेम जागेवर राहिली. उन्हाळ्यात एक जण येऊन गेले. दारावर नजर टाकली, भिंतीवर टाकली, ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलं नाही. कारण ओल होती की फरशी, ते मी ठरवत बसले नाही. भाईजान मात्र दोन दिवस माझ्याशी कमी बोलले.

जुलैत तळेगाव एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा बायको आणि आईला घेऊन आला. बाहेर धो धो पाऊस. आम्ही आधी पश्चिमेची भिंतच दाखवली. त्यानं तळहात लावून पाहिला, ओल कुठवर चढली आहे तिथं पेन्सिलीनं रेघ मारली आणि दुरुस्तीपोटी किंमत कमी करून मागितली. घासाघीस झाली आणि जमलं. त्याच्या आईनं दारावरच्या आकड्याचा अर्थ विचारला. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची ती बेरीज, शुभ कामाच्या आरंभी लिहितात, असं अम्मींनी सांगितलं. ‘म्हणजे आमच्या श्रीसारखं,’ त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघर बघायला गेल्या.

मग वडगावच्या चकरा सुरू झाल्या. वारस नोंद, फेरफार, वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, हेही तेव्हाच नीट कळलं. घर विकणार असाल तर रंगाच्या आधी हे कागद बघा. त्यात वेळ जातो.

मसुद्यात आम्ही एक वाक्य घालायला लावलं: पश्चिमेच्या भिंतीस ओल असून ती खरेदीदारास दाखवली आहे. वकील म्हणाले, याची गरज नाही. भाईजानच म्हणाले, ‘राहू द्या.’