पाकिटावरचा नंबर

7 जुलै 2025, सोमवार
आर्थर रोड तुरुंगात अशिलाची मुलाकात. वय 21. टपालाने आलेल्या पाकिटात एलएसडीचे ब्लॉटर, कागदाचे नखाएवढे सात तुकडे. कागदासकट वजन 0.13 ग्रॅम. त्यातला अमली पदार्थ वेगळा काढला तर डोळ्यांना जेमतेम दिसेल. पण 0.1 ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी मात्रा, आणि कागदाचं वजनही धरायचं हे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे शिक्षा किमान दहा वर्षं, आणि जामिनाच्या वाटेत एनडीपीएस कायद्याचं कलम 37. कागदाच्या वजनापायी पोरगं आत आहे. मला हे पटत नाही, पटणारही नाही.

9 जुलै, बुधवार
त्याची आई चेंबरवर आली. “वकीलसाहेब, त्याने कबूल केलंय म्हणतात. आता काय राहिलं?” म्हटलं, ताई, कलम 67 खाली अधिकाऱ्यांनी घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून चालत नाही, तोफान सिंग खटला, सर्वोच्च न्यायालय, 2020. त्यांनी पिशवीतून विजेचं बिल काढलं आणि पाठीमागे लिहून घेतलं: ‘तोफान’. मग दोनदा विचारलं, ‘सिंग’ ना?

12 जुलै, शनिवार
रात्री आरोपपत्र पुन्हा वाचलं. मागवण्याचा पुरावा म्हणजे चॅटच्या स्क्रीनशॉटची अकरा पानं. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र नाही. जालन्याच्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं केलं खरं, पण खटला चालू असेपर्यंत ते आणूही शकतात. एकट्या त्यावर भिस्त नको.
पंचनाम्यातला पाकिटाचा फोटो भिंगाखाली धरला. नाव त्याचं, पत्ता त्याचा. मोबाइल नंबर मात्र त्याचा नाही! सही करून घेतलं आणि लगेच छापा, चिकटपट्टीही तशीच. आत काय आहे हे माहीत असल्याशिवाय ताबा कसला? पण ताबा एकदा शाबीत झाला की एनडीपीएसची कलमं 35 आणि 54 सगळं ओझं आमच्या डोक्यावर ठेवतात. त्याआधीच हा नंबर कोर्टापुढे यायला हवा.

15 जुलै, मंगळवार
सरकारी वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख 31. मुलाने जाता जाता विचारलं, “सर, परीक्षेला बसता येईल?” मी हो म्हटलं नाही. नंबर कोणाच्या नावावर आहे, त्याची नोंद मागवण्याचा अर्ज आजच दिला.