पाटीवरचा 'ला'

नांदेडच्या बसस्थानकात गाडीची पाटी वाचली, तर नुसतं 'तूर'. पुन्हा पाहिलं, तरी 'तूर'च. मान डावीकडे वळवली तेव्हा कुठं 'ला' सापडला.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून लातूरला येऊन डोळे दाखवले. वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. दोन्ही डोळ्यांच्या कागदांवर डावी बाजू काळी आली. डॉक्टर म्हणाले, "सर, डोळे चांगले आहेत तुमचे. मेंदूचा एमआरआय करा." मेंदूच्या मागच्या टोकाला, उजवीकडं, रक्तवाहिनी तुंबली होती. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे दिसतं, ते तिथं पोचतं. हातपाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं. झटका येऊन गेल्याचं घरात कुणालाच कळलं नव्हतं.

जे सुधारायचं ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत, नंतर फारसं नाही, असं मला सांगण्यात आलं. हे वाक्य रुग्णाला इतक्या घाईनं सांगू नये. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात क्रिस्टल हक्सलिन यांनी जुन्या रुग्णांकडूनही हलत्या ठिपक्यांचा रोज, महिनोन्‌महिने सराव करून घेतला आणि आंधळ्या भागाच्या कडेला काहींची नजर थोडी परतली. थोडीच, पण परतली.

माझा सराव घरगुती. बायको परातीत तूर पसरून त्यात उडदाचे दाणे टाकायची. "अहो, डावीकडं राहिले बघा," हे दिवसातून कितीदा! वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला ती लाल रेघ ओढून द्यायची. रेघ दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. यानं नजर परत येत नाही, हरवलेल्या बाजूला डोळे न्यायची सवय लागते. ओळीचा आरंभ हाती लागू लागला, त्या दिवशी मी अख्खं पान मोठ्यानं वाचलं.

खरी परीक्षा लातूरच्या गंजगोलाईत, त्या गोल चौकात. रहदारीबरोबर फिरलं की मधली इमारत उजवीकडं राहते आणि सोळा रस्ते डावीकडून, माझ्या अंधारातून, येऊन मिळतात. एका संध्याकाळी पाऊल आपोआप थबकलं. दिसलं काहीच नव्हतं. डावीकडं काहीतरी सरकतंय एवढंच जाणवलं. मान वळवली, तर भाजीचा हातगाडा.

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या काही सैनिकांना आंधळ्या बाजूची वस्तू दिसत नसे, पण तिची हालचाल कळे. ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांनी हे १९१७ साली नोंदवलं. गोलाईची इमारतही १९१७ चीच. त्या संध्याकाळी तिला मी दोन फेऱ्या जास्त मारल्या.