पोस्टवरचं गीतारहस्य

बर्फानं वाट बंद झाली की पोस्टवर वाचायला वेळच वेळ. यंदा ट्रंकेत 'गीतारहस्य' होतं. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१५ साली छापून आलं. मिलचं 'पुष्कळांचं पुष्कळ सुख' ते तपासतात आणि म्हणतात, नुसत्या परिणामाच्या हिशेबानं भागत नाही. करणाऱ्याची बुद्धी बघा. हे मला फार पटलं. आमच्या रिपोर्टात मात्र आकडेच जातात!

तरी पहिल्या अध्यायातला अर्जुन पाठ सोडत नाही. समोर आपलीच माणसं बघून त्याचे हातपाय गळाले. त्याला भित्रा म्हणणाऱ्यानं रात्रीची सेंट्री ड्यूटी केलेली नसावी. पलीकडच्या कड्यावरच्या बंकरमधूनही बुखारीचा धूर निघतो. ट्रिगरवर बोट असताना बुद्धी शुद्ध कशी ठेवायची, हे टिळकांना विचारायचं होतं.