सरासरीच्या शेजारी कोण?

सोलापूरची थोरवी सांगायची झाली की आम्ही सोलापूरकर सिद्धेश्वर, चादर आणि चार हुतात्मे यांच्यापुढे सहसा जात नाही. पहलन रतनजी तथा पॉली उमरीगर २८ मार्च १९२६ रोजी याच गावी जन्मले, हे सांगताना आम्ही किंचित चाचरतो. एक तर त्यांचे नाव गाजले ते मुंबईच्या संघातून. शिवाय समोर कुणी जुना क्रिकेटरसिक असला तर तो हटकून एक किस्सा ऐकवतो. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे उमरीगर लेगच्या बाजूला इतके सरकत, की जवळच्या क्षेत्ररक्षकाला गोलंदाजच दिसेना! किस्सा सांगोवांगीचा आहे. त्या मालिकेतील ७ डावांत ४३ धावा, सरासरी ६.१४, ही नोंद मात्र खरी आहे.

किस्सा माणसाला एका क्षणात गोठवतो. आकडेवारी निदान त्याला पुढे चालू तरी देते. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, वेस्ट इंडीजमधील मालिकेत याच फलंदाजाने ५६० धावा केल्या. १९५९ मध्ये मँचेस्टरला, समोर तोच ट्रूमन असताना, ११८ केल्या. कारकिर्दीअखेर ५९ कसोटी, ९४ डाव, ३६३१ धावा, १२ शतके आणि सरासरी ४२.२२. ती एक मालिका वगळली तर सरासरी ४५.४२ होते; पण वगळण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिला? ४२.२२ ने ते अपयश पोटात घेतलेले आहे, हेच त्या आकड्याचे मोल.

“बेचाळीस म्हणजे काही फार नव्हे,” असे आमच्या वर्गातला एक विद्यार्थी म्हणाला. पन्नाशीच्या सरासरीची सवय झालेल्या पिढीला तसे वाटणारच. पण आकडा एकटा असला की मुका असतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी ओळखले. १९६८ साली कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ अशा सरासरीने अमेरिकन लीगमध्ये पहिला आला, कारण त्या वर्षी साऱ्या लीगची सरासरीच ०.२३० होती. १९३० साली नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती, तिथे हाच ०.३०१ चारचौघांतला ठरला असता.

उमरीगरांनाही त्यांच्या चारचौघांत उभे करून पाहावे. विजय मांजरेकर ३९.१२, पंकज रॉय ३२.५६, विनू मांकड ३१.४७. हजारे ४७.६५ वर, म्हणजे पुढे. पण ३० कसोटींत. १९६२ मध्ये उमरीगर निवृत्त झाले तेव्हा सर्वाधिक कसोटी, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. आणि संघ कोणता, तर बहुधा हरणारा. १९६२ च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत त्यांनी ५६ व नाबाद १७२ धावा केल्या, एका डावात ५ बळी घेतले; तरीही भारत हरला. शेजारची माणसे कोसळत असताना उभे राहणे कुठल्याच रकान्यात मांडले जात नाही.

आम्हां साहित्य शिकवणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटावे. केशवसुतांची एखादी ओबडधोबड ओळ आजच्या कवितेशेजारी ठेवून त्यांना जुनाट ठरवणे सोपे असते. मराठीत सुनीत रुजवणाऱ्या त्या कवीभोवती त्या काळी काय लिहिले जात होते, हे वाचण्याचे कष्ट कोण घेणार? कवीबद्दलचा किस्सा परीक्षेत चालतो, त्याचे समकालीन मात्र अभ्यासक्रमाबाहेर राहतात. समकालीन ठाऊक नसतील तर ‘श्रेष्ठ’ किंवा ‘सामान्य’ हा आपला अभिप्राय म्हणजे लीगची सरासरी न पाहता दिलेला निकालच होय.

त्या विद्यार्थ्याला आम्ही उमरीगर थोर होते असे पटवून दिले नाही. बेचाळीसच्या शेजारी कोणते आकडे ठेवायचे, एवढेच त्याला शोधायला सांगितले. समीक्षेचा पहिला धडा याहून वेगळा नसावा.