मुद्रणप्रत तयार करताना

गिरगावातील एका लहानशा छापखान्यात मी दीर्घकाळ मुद्रितशोधनाचे काम केले आणि पुढे तेथूनच निघणाऱ्या एका मासिकाकडे येणाऱ्या हस्तलिखितांची छाननी करण्याचे कामही माझ्याकडे आले. लेखन कसे सुधारावे, असे एखादा नवोदित लेखक विचारतो, तेव्हा रीती आणि अलंकार यांच्या चर्चेत न शिरता त्या छापखान्यात जे कानांनी ऐकले तेच त्याला सांगावेसे मला वाटते.

मुद्रितवाचन तेथे दोघांनी मिळून करावयाचे असे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावयाची आणि दुसऱ्याने गॅलीवर नजर ठेवून समासात खुणा करावयाच्या, असा तो परिपाठ होता. परक्यांचे गद्य असे दिवसभर कानांवरून जाऊ लागले म्हणजे वाचणारा कोठे अडखळतो आणि का अडखळतो, याचा उलगडा हळूहळू होऊ लागतो. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, आणि तोवर कर्ता कोण, त्याने काय आरंभिले आहे, हे सारे ऐकणाऱ्याला मनात धरून ठेवावे लागते. म्हणून ज्या लेखकाने ‘जेव्हा’ने आरंभ करून मध्ये तीन पोटवाक्ये घातली आणि ‘तेव्हा’ लिहावयाचेच राहून गेले, त्याच्या वाक्याशी वाचणारा हटकून थांबे आणि मागे जाई. दीर्घ वाक्याला माझी हरकत नाही; ते एका दमात अर्थासह वाचता आले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. ‘त्यांच्याकडून दार उघडण्यात आले’ हे कचेरीच्या परिपत्रकात चालत असेल. परंतु कथेत ते मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे दार उघडणारा माणूस तेथे दिसतच नाही हे ध्यानी येते, आणि ‘त्यांनी दार उघडले’ असे हातून आपोआप लिहिले जाते.

शुद्धलेखनाची धास्ती मात्र नवोदितांनी फार बाळगू नये. मराठी साहित्य महामंडळाच्या 14 नियमांना 1962 साली शासनमान्यता मिळाली आणि त्यांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली; पुढे 1972 साली आणखी 4 नियमांची भर पडली. नियम लहान आहेत, कोश हाताशी असतात, आणि राहिलेली ऱ्हस्वदीर्घाची चूक शोधकाला दुरुस्त करता येते. लेखकाने जे पाहिलेच नाही, किंवा पाहूनही लिहिले नाही, ते घालणे कोणत्याही शोधकाच्या हाती नसते.

याची प्रचीती मला एका वृद्ध लेखकाच्या सहवासात आली. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते आणि आपल्या आठवणींचे बाड घेऊन आमच्याकडे आले होते. अवर्षणावरील प्रकरणात ‘भीषण तांडव’, ‘हृदयद्रावक दृश्य’, ‘क्षुधेने व्याकुळ जनता’ अशा शब्दांची दाटी होती आणि गाव मात्र कोठेच नव्हता. मी हस्तलिखित मिटून ठेवले आणि विचारले, “साहेब, त्या दिवशी शिवारात गेल्यावर आपण प्रत्यक्ष काय केलेत?”

ते म्हणाले, “अहो, करायचे काय? आणेवारीची पाहणी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. चार आणे किंवा त्याहून कमी उतरले, तर त्या वर्षीचा सारा तहकूब. बांधावरून नजरअंदाजाने आकडा बांधायचा. तलाठी कागद धरून उभा होता. इतक्यात एका कुणब्याने ज्वारीचे एक कणीस मोडले, तळहातावर चोळले, फुंकर मारून भूस उडवले, आणि उरलेले दाणे माझ्या हातावर ठेवले. बोलला काहीच नाही.”

“मग हे यात का नाही?”

“हे काय लिहायचे?” असे म्हणून ते माझ्याकडे नवलाने पाहत राहिले.

हाच प्रश्न मी कितीतरी हस्तलिखितांच्या पाठीशी उभा असलेला पाहिला आहे. आपल्या नित्य व्यवहारातील गोष्ट साहित्यात घेण्याच्या योग्यतेची नाही, असे माणसे धरून चालतात आणि इतरांनी वापरून झालेले शब्द आदराने उचलतात. वास्तविक चार आण्यांच्या त्या आकड्यावरून 1918 साली खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह उभा राहिला. तोच आकडा बांधण्याचा अधिकार ज्याच्या लेखणीला होता, त्याच्याइतके त्या बांधावरचे लिहिण्यास अधिकारी दुसरे कोण असणार? म्हणून मी प्रत्येकास सांगतो की, प्रकरण लिहिण्यापूर्वी ते एका माणसाला तोंडी सांगावे, आणि सांगताना जे शब्द मुखातून निघाले ते त्याच संध्याकाळी टिपून ठेवावेत.

बाकीची पथ्ये थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. प्रत पाठकोऱ्या कागदावर करावी, समास रुंद सोडावा, पृष्ठांक घालावेत, एक नक्कल आपल्या दप्तरी ठेवावी. पहिला खर्डा काही आठवडे दृष्टीआड करावा. दिवाळी अंकासाठी लिहावयाचे असेल तर हा अवधी हिशेबात धरून ज्येष्ठातच बैठक मारावी. फेरफार करावयाचे ते प्रतीतच करावेत. कारण आमच्या काळी खिळे जुळल्यावर परिच्छेदाच्या आरंभी एक शब्द वाढविला की अखेरपर्यंतच्या ओळी सरकत, आणि जुळाऱ्याला त्या सर्व पुन्हा बांधाव्या लागत. त्याच्या श्रमांची जाणीव ठेवणारा लेखक आपल्या शब्दांविषयीही अधिक दक्ष झालेला मी पाहिला आहे.

त्या गृहस्थांनी प्रकरण पुन्हा लिहून आणले. कणीस आले होते, तलाठी आला होता, तांडव गेले होते. आणेवारीचा नियम मात्र त्यांनी आरंभीच दिला होता. तो दाण्यांच्या प्रसंगानंतर घेतला तर कसे, असे मी विचारले. त्यांनी चष्मा काढून शांतपणे उत्तर दिले, “चार आणे आणि पाच आणे यांतले अंतर वाचणाऱ्याला आधी कळले नाही, तर माझ्या हातावर त्याने काय ठेवले हे त्याला कसे कळेल?” प्रकरण आम्ही त्यांच्याच क्रमाने छापले.