शब्द घडवण्याची मुभा

भाषा शिकण्याचा नाद असलेल्या प्रत्येकाला मी एस्पेरांतो शिकायला सांगते. 'तिचा उपयोग काय?' असं विचारलं, की मी एकच शब्द उकलून दाखवते. 'साना' म्हणजे निरोगी. आधी 'माल' जोडला की अर्थ उलटा होतो: 'मालसाना', आजारी. 'उल' म्हणजे तशी व्यक्ती, म्हणून 'मालसानुलो' हा रुग्ण. 'एय' म्हणजे जागा. झालं 'मालसानुलेयो', रुग्णालय! हा शब्द मी कोशात पाहण्याआधीच तयार केला होता, आणि तो बरोबर निघाला. शिकाऊ माणसाला असा अधिकार इतक्या लवकर देणारी दुसरी भाषा मला भेटलेली नाही.

हा अधिकार तिच्या कर्त्यानेच देऊन ठेवला आहे. लुद्विक झामेनहोफ हा डोळ्यांचा डॉक्टर. तो ज्या बियालिस्तोकमध्ये जन्मला, तिथे यिडिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणारे एकमेकांकडे संशयाने बघत. त्या दुराव्यावर उतारा म्हणून त्याने १८८७ साली वॉर्सात पहिलं पुस्तक काढलं आणि त्यातच भाषेवरचे आपले सगळे हक्क सोडून दिले.

मूळ शब्द मात्र बहुतेक युरोपातले. ती सर्वांना सारखीच सोपी आहे, हे मला पटत नाही. आपल्याला पाठांतर जास्त पडतं. पण व्याकरणात आपली बाजू भक्कम. कर्माला लागणारा 'न' इंग्रजी बोलणाऱ्यांना छळतो. आपल्याला त्याचं काय! कुत्रा मांजराला चावला म्हणा, नाहीतर मांजराला कुत्रा चावला. कोण कुणाला चावला ते प्रत्यय सांगतोच. तसंच 'ला हुंदो मोर्दिस ला कातोन' किंवा 'ला कातोन मोर्दिस ला हुंदो'. प्रश्नार्थक आणि दर्शक शब्दांचा पंचेचाळीस घरांचा तक्ता आहे, तोही ओळखीचा वाटतो: 'कियाम-तियाम' म्हणजे केव्हा-तेव्हा, 'किएल-तिएल' म्हणजे कसं-तसं. जेव्हा-तेव्हा, जसं-तसं यांतच आपण वाढलो.

शब्दांचे सांधे शोधायची ही सवय पुढे कन्नड शिकताना फार उपयोगी पडली. 'मनेगळल्लि', म्हणजे 'घरांमध्ये', हा शब्द मला एका लांबलचक आवाजासारखा कधी ऐकूच आला नाही. 'मने' म्हणजे घर, 'गळ' हे अनेकवचन, 'अल्लि' म्हणजे मध्ये, असा सुटा-सुटाच कानावर आला. आता रस्त्यावरची कन्नड पाटी दिसली, की आधी तिचे प्रत्यय वेगळे करते आणि मगच अर्थ विचारते.