वाटेवरील मानवंदना

योसेफानें मरतेसमयीं आपल्या भाऊबंदांकडून शपथ घेतली कीं, मिसर देश सोडतांना त्यांनीं त्याच्या अस्थि बरोबर न्याव्या. पुढें मोशेनें त्या नेल्या व अखेर शखेमांत त्यांस विसावा मिळाला. ही कथा आमचे विद्यार्थी शास्त्राच्या तासास वाचतात. परमुलखीं मरण पावलेल्यास स्वदेशीं आणावें, ही ओढ इतकी जुनी आहे. परंतु ज्या गांवावरून असा प्रवास होतो, त्या गांवच्या लोकांचें कर्तव्य काय?

इंग्लंडांतील वूटन बॅसेट या लहानशा बाजारगांवानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे. इराक व अफगाणिस्तान येथें कामास आलेल्या ब्रिटिश सैनिकांचे देह २००७ सालापासून जवळच्या लायनहॅम विमानतळावर उतरूं लागले. तेथून ते ऑक्सफर्ड येथील रुग्णालयांत नेत, व ती वाट या गांवच्या भरबाजारांतून जाई. आरंभीं माजी सैनिकांच्या संघाचे थोडेसे सभासद रस्त्याच्या कडेस उभे राहिले. कोणाचा हुकूम नव्हता, कीं कोणाचें निमंत्रण नव्हतें. पुढें दुकानदार हातचें काम टाकून बाहेर येऊं लागले, आणि हळूहळू शेंकडों लोक जमूं लागले. शवगाड्या येत तेव्हां सेंट बार्थोलोम्यू मंदिराची घंटा संथपणें वाजे. वृद्ध सैनिक आपलीं निशाणें लववीत. गाड्यांपुढें एक इसम गंभीरपणें पायीं चाले. आप्तजन पुढें होऊन गाडीवर फुलें ठेवीत. भाषण नाहीं, वाद्य नाहीं. गाड्या दृष्टीआड झाल्यावर लोक मुकाट्यानें आपापल्या कामास लागत.

२०११ च्या ऑगस्टपर्यंत असे १६७ प्रसंग आले व ३४५ देह त्या रस्त्यानें गेले. नंतर विमानें दुसऱ्या तळावर उतरूं लागलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राणी एलिझाबेथ यांच्याकडून गांवास 'रॉयल' ही उपाधि मिळाली. परंतु गांवाची थोरवी उपाधीच्या पूर्वीचीच होती.

ते तरुण बहुतेक गांवास परके होते. तीं युद्धें न्याय्य होतीं कीं नव्हतीं, याविषयीं त्या देशांत तीव्र मतभेद होते. गांवानें तो वाद शवगाडीच्या वाटेंत आणिला नाहीं. कोणा मातेचा पुत्र घरीं चालला आहे, इतकेंच त्यानें पाहिलें.

घरीं परतण्याचें हें भाग्यहि सर्वांस लाभत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले. त्यांचें स्मारक गांवांत आहे. त्याच युद्धांत पडून ज्यांच्या समाधीचा ठिकाणा लागला नाहीं, अशा चार हजारांहून अधिक हिंदी वीरांचीं नांवें फ्रान्समधील नव शापेल येथें शिळेवर कोरलेलीं आहेत. त्यांच्या मातांस पुत्राच्या पेटीस हात लावणेंहि घडलें नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, तिरंग्यांत गुंडाळलेली पेटी आपल्या रस्त्यानें जाईल तेव्हां तो कोणत्या गांवचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हें विचारीत बसूं नका. खेळ थांबवा, स्तब्ध उभे राहा. मृतास आपल्याला कांहीं देतां येत नाहीं. परंतु त्याच्यामागून येणाऱ्या मातेस तो रस्ता रिकामा दिसूं नये, इतकें तरी आपल्या हातीं आहे.